पाय लागण्याचा खेळ

आमच्या घरात पाय ही फार जोखमीची वस्तू होती. तो पुस्तकाला लागला तर पुस्तक कपाळाला लावायचं, माणसाला लागला तर त्याला हात लावून नमस्कार करायचा, सुपातल्या धान्याला लागला तर नमस्कार करूनही आईची बोलणी खायची. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. ते तर बैलाला चुकून पाय लागला तरी त्याच्या पाठीवर हात ठेवून पुटपुटायचे. अशा घरातल्या मुलीने नववीत फुटबॉल खेळायचा हट्ट धरला, म्हणजे आता फक्त जग बुडायचं बाकी होतं.

याला कारण आमचे ड्रिलचे सर. आमचं गाव धुळे-चाळीसगाव रस्त्यापासून आत, आणि शाळेत खेळ म्हणजे खो-खो नाहीतर कबड्डी. पण नव्वद साली सरांनी टीव्हीवर फुटबॉलचा विश्वचषक पाहिला. कॅमेरून नावाच्या देशाचा एक वयस्कर खेळाडू गोल करतो आणि कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी जाऊन कंबर हलवून नाचतो, हे पाहून सर खुळावलेच. कुठूनसा एक चेंडू घेऊन ते शाळेत आले. मुलांना क्रिकेटचं वेड, त्यांनी नाकं मुरडली. मग सर मुलींकडे वळले. आम्ही उरलेल्या होतो म्हणून फुटबॉल आमच्या वाट्याला आला, हे कबूल केलेलं बरं.

सर पायाने कमी आणि तोंडाने जास्त शिकवायचे. हा खेळ म्हणे इंग्लंडात पूर्वी आख्खं गाव विरुद्ध आख्खं गाव असा चालायचा, हाडं मोडायची. पुढे त्याला नियम आले, गिरणीतल्या कामगारांनी तो उचलला आणि खलाशांनी, रेल्वेवाल्यांनी बंदराबंदराला पोचवला. आफ्रिकेतली पोरं केळीची वाळकी पानं आणि चिंध्या बांधून चेंडू करतात, हे ऐकून आम्ही एकमेकींकडे पाहिलं. केळीची पानं तर आमच्याकडेही ढिगाने होती. कलकत्त्याच्या अनवाणी पोरांनी बूट घातलेल्या गोऱ्या पलटणीला हरवलं, ही गोष्ट सर दर पावसात नव्याने सांगायचे. आम्हीही अनवाणीच. स्कर्टखाली भावांचे पायजमे, वेण्या घट्ट बांधलेल्या.

मला मात्र इतिहासाशी देणंघेणं नव्हतं. मला पळायला मिळायचं. घरात, गल्लीत, विहिरीवर मुलीने पळायचं कुठेच नसतं. मैदानावर मी जीव खाऊन पळायचे आणि कोणी "हळू" म्हणायचं नाही. एवढ्यासाठी मी काहीही सोडलं असतं.

भाऊंना कळलं तेव्हा ते ताटावरून उठले नाहीत इतकंच. "लाथा मारानं काम गधडानं शे, आंडेरनं नई," म्हणाले. आंडेर म्हणजे लेक. मी रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी सर घरी आले. घरी आलेल्या मास्तरांना चहा देऊन वर नाही म्हणायचं, हे भाऊंना जमणारं नव्हतं. चाळीसगावच्या एका शाळेशी आमचा सामना ठरला होता, त्याचं बोलावणं सरांनी केलं. "एक डाव देखसू, मंग ठरावसू," भाऊ म्हणाले. आमच्या घरात भाऊंनी ठरवलं की ठरलं. माझं पळणं त्या एका सामन्यावर टांगलेलं होतं.

चाळीसगावला भाऊ धुतलेली टोपी घालून कडेला बसले, हाताची घडी घालून, दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखे. "यामा करानं काय ऱ्हास?" त्यांनी सरांना विचारलं. सर म्हणाले, "भाऊ, पायाने चेंडू त्या खांबांमध्ये घालायचा. हात लावायचा नाही. झाला खेळ." एवढ्यात कळतो म्हणूनच तो जगभर गेला, असं सरांचं मत होतं.

आणि सामना सुरू झाल्यावर आमची खोड उघडी पडली. धक्काबुक्कीत समोरच्या मुलीला पाय लागला की आमची मुलगी थांबायची, तिला हात लावायची, हात छातीशी न्यायची. तोवर ती कॅनव्हासचे बूट घातलेली मुलगी चेंडू घेऊन पार! सरावात आम्ही आपसांत हेच करायचो, पण तिथे समोरचीही थांबायची, त्यामुळे कोणाचं काही बिघडत नव्हतं. चाळीसगावच्या मुली हसून हसून बेजार झाल्या आणि हसता हसता त्यांनी गोल केला. सर डोकं धरून ओरडत होते, "अगं नमस्कार नको! नमस्कार नको!" सवय अशी ओरडून थोडीच जाते?

सामना संपत आला तेव्हा चेंडू माझ्या पायात आला. मी पळाले. समोर एकटी गोलकीपर, ती अंगावर झेपावून पडली आणि माझा पाय तिच्या खांद्याला लागला, चांगला जोरात. चेंडू बाजूलाच पडला होता, गोल मोकळा होता. मी वाकले.

"नमस्कार मंग करजो! आधी लाथ मार, लाथ!"

आवाज भाऊंचा होता. ते उभे राहिले होते आणि टोपी हातात होती. मी दचकून उठले आणि लाथ मारली. चेंडू खांबांमध्ये जाणार इतक्यात मागून धावत आलेल्या त्यांच्या एका मुलीने तो सरळ हाताने बाहेर ढकलला. शिट्टी वाजली नाही. थोड्या वेळाने वाजली ती सामना संपल्याची.

आम्ही हरलो. एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसले. भाऊ टोपी गुडघ्यावर ठेवून समोर पाहत होते. त्यांचा जबडा तेवढा हलत होता. संपलं, मी मनात म्हटलं. लाथ मार म्हणाले ते तोंडून निसटलं असणार, आणि आता त्याचीच लाज वाटत असणार.

घरी आल्यावर आईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि सामना पाहून झाला का म्हणून विचारलं. "व्हयनं का देखीसन? मंग आते बंद ना हाई?"

"बंद?" भाऊ असे कडाडले की शेजारचं दार उघडलं. "बंद काबरं? त्या पोरनी हात लावा! बठ्ठास्नी देखं, त्या शिट्टीवालानीच नई देखं! आंधळा शे का तो? पुढला डाव मी सवता जासू. इचारनं शे माले त्याले!"

आईला काही कळेना. ती माझ्याकडे पाहत राहिली. मी मोरीत पाय धूत होते, तिथेच खाली बसले आणि हसू आवरता आवरता मला रडू फुटलं.