दीड बोटाचं तोंड

माणसाचं तोंड त्याच्याच तीन उभ्या बोटांएवढं उघडायला पाहिजे, हे मला फार उशिरा कळलं. माझ्यात त्या वेळी दीड बोट जायचं. आणि घरात कुणाला याचा पत्ता नाही, अशा भ्रमात मी दोन वर्षं काढली.

मी बीदरजवळ नौबादला राहतो, मराठी शाळेत मास्तर आहे. तंबाखूला आयुष्यात हात लावला नाही. प्रार्थनेनंतर पोरांना गुटख्यावर भाषण द्यायचो आणि ते संपलं की ऑफिसात जाऊन गोड सुपारीची पुडी फोडायचो. सुपारी म्हणजे काय व्यसन होय? पूजेला असते, लग्नात असते, पाव्हण्याला आपण हातानं देतो. आधी खजुरीच्या शाळेवर मास्तर होतो तेव्हापासूनचं हे माझं शहाणपण, दिवसाला दहा-पंधरा पुड्यांचं.

आधी तिखट झोंबायला लागलं. मग जांभई अर्ध्यात अडकायला लागली. गाल आतून ताठ झाले, बॅटरी मारून आरशात बघितलं तर पांढरे पट्टे. नेहमीचा ब्रश आत जाईना म्हणून लहान पोरांचा आणला, दांड्यावर ससा असलेला. बायकोनं विचारलं तर दुकानात दुसरा नव्हता म्हणालो. भाकरी वरणात कुस्करून गिळायचो आणि दात दुखायलेत म्हणून सांगायचो.

भीती एकाच गोष्टीची होती, आणि तिचं नाव मनातसुद्धा घेत नव्हतो. कलबुर्गीला दवाखान्यात जावं तर चार ओळखीचे भेटणार, आणि मास्तरला कॅन्सर झालाय ही बातमी माझ्याआधी घरी पोचणार. पोरीचं लग्न ठरायचं होतं. म्हणून मी ठरवलं, आधी सोयरीक, मग डॉक्टर. एक स्थळ गेलं, दुसरं गेलं, आणि तोंड महिन्या-महिन्यानं मिटत चाललं. कोंडलं होतं मीच मला. रात्रंदिवस वाटायचं, कुणीतरी ओळखावं. आणि कुणी निरखून बघितलं की अंगावर जायचो.

शेवटी हुमनाबादचं स्थळ जमलं. पाव्हणे टायरच्या धंद्यातले, पोरगा नोकरीला हैदराबादला. याद्या करायला ते येणार होते. आमच्याकडं पक्कं झालं की दोघं व्याही एकमेकांना घास भरवतात. मी त्याचाही विचार करून ठेवला होता. घास साखरेचा असतो, आणि साखर दीड बोटातून आरामात जाते.

त्या दिवशी सकाळी पोरीनं स्वयंपाकघरात पसारा मांडला. ती बीदरलाच नर्सिंग शिकत होती.

"हे काय करायलीस?" मी विचारलं.

"कोलस्लॉ. फळांचा."

"म्हंजे पचडीच की गं," तिची आई म्हणाली. "नाव तेवढं इंग्रजी."

पोरगी हसली नाही. तिनं पानकोबी केसासारखी बारीक चिरून बर्फाच्या पाण्यात टाकली, म्हणजे कडक होते म्हणे. रात्रभर फडक्यात टांगलेलं दही फेटून त्यात लिंबू, चिमूटभर साखर, मिरपूड घातली. गाजर किसलं, सफरचंदाच्या काड्या केल्या, डाळिंब सोललं, शेंगदाणे भाजून भरडले. मीठ ताटं वाढताना घालायचं, न्हाईतर पाणी सुटतंय, असं आईला बजावलं. आणि मला अर्धकच्चे जांब चिरायला बसवलं. आमच्याकडं पेरूला जांब म्हणतात.

"अप्पा, एक फोड खाऊन बघा, कडक हाय का."

मी फोड तोंडाशी नेली आणि ती वळली तशी खिशात टाकली. "व्हय. मस्त कडक हाय."

तिची सुरी थांबली. "आवाज आला न्हाई."

"आता काय बापाच्या खाण्याचे आवाज ऐकत बसणार का? काम कर!"

तिनं गुमान दुसरी फोड माझ्यासमोर धरली. तेवढ्यात बायकोनं बैठकीतून हाक मारली आणि मी सुटलो. खिशातला जांब दिवसभर मांडीला ओला लागत होता.

दुपारी याद्या झाल्या. पंगत बसली. वाटीवाटीत तो पांढरा-लाल कोलस्लॉ, आणि ओळीनं सगळ्यांच्या तोंडून कुर्रकुर्र आवाज. म्हातारी विहीणसुद्धा कुरकुर खात होती. मी माझी वाटी उगाच चमच्यानं हलवत बसलो. बायकोनं साखरेची वाटी आणली तर व्याही हात जोडून म्हणाले, "शुगर हाय ओ मला. गोड नगं. लेकीनं केलंय त्याचाच घास देऊ की!"

आणि चमचा भरून माझ्यासमोर धरला. मोठा चमचा, वर ढीग.

मी तोंड उघडलं. चमचा दातांवर खट्कन आपटला. व्याह्यांनी हसत जरा जोर लावला. कोबी, डाळिंब, दही सगळं माझ्या इस्त्रीच्या शर्टावर.

"मास्तर लाजायलेत!" कुणीतरी म्हणालं. मला मरण आलं तर बरं असं झालं.

पोरगी दारातून आत आली. नवऱ्याकडची माणसं बसलेली, पण तिनं पर्वा केली नाही. "अप्पा लाजत न्हाईत. त्यांचं तोंड उघडत न्हाई. सुपारीनं होतंय असं."

"तुला कुणी सांगितलं?" मी ओरडायला गेलो, पण ओरडायलासुद्धा तोंड उघडावं लागतं.

"सशाच्या ब्रशनं," ती म्हणाली आणि रडायला लागली. "कामून सांगितलं न्हाई ओ? तुमच्या चावण्याचा आवाज यावा म्हणून सकाळपासून ही पानकोबी चिरायलेय मी. तीन बोटं घाला बघू."

सगळ्यांसमोर घातली. एक गेलं, दुसरं अडकलं. मग व्याह्यांनी हळूच स्वतःची तीन बोटं तोंडात घालून बघितली. दोन गेली, तिसरं गेलं नाही. त्यांनी खिशातली सुपारीची पुडी काढून ताटाशेजारी ठेवली आणि विचारलं, "कलबुर्गीची पहिली बस कितीला हाय?"

ज्या भीतीनं मी दोन वर्षं गप्प बसलो, तिच्यावर एवढंच बोलणं झालं. लग्न मोडलं नाही.

कॅन्सर निघाला नाही, पण व्हायची भीती आहेच म्हणून दर तीन महिन्यांनी दाखवायला जावं लागतं. डॉक्टरांनी दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्या घालायला दिल्या, दर आठवड्याला एक वाढवायची. डोळ्यांतून पाणी येतं. गेलेलं सगळं परत येईल असं नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. अजून मी दोन बोटांच्या आतच आहे. याद्यांच्या दिवशी पोरीनं माझी वाटी मिक्सरमधून काढून लहान चमच्यानं भरवली होती, म्हणून कोलस्लॉची चव तेवढी कळली.

आता ती लग्न होऊन हैदराबादला असते. दर रविवारी फोन करते. मी आधीच जांबाची पातळ फोड कापून ठेवतो, फोन गालाशी धरतो आणि चावतो. परवाही चावली. पलीकडं ती श्वास धरून ऐकत होती.

"आवाज न्हाई आला, अप्पा," ती म्हणाली. "परत चावा."