फाटकावरचं घासलेलं नाव

बिना तारेचा ग्राइंडर आमच्या दुकानात आला तो माझ्यासाठी. नवरा वारला, तवापासून गोंदियाजवळच्या फुलचुरातलं वेल्डिंगचं दुकान दीर आणि मी मिळून चालवत होतो. गिऱ्हाईक त्यांच्याकडं, काम माझ्याकडं. मले कोणी शिकवलं नाही हो, नवऱ्याच्या हाताकडं पाहून पाहूनच शिकली. पण तारेच्या ग्राइंडरची भारी कटकट. तार पायात येते, लाईन गेली की बसा हात बांधून. गोंदियातला दुकानदार म्हणाला, "माताजी, बॅटरीवाला ले जाओ, खेत में भी चलेगा." घेतला. बॅटरीमुळं मागून जड लागतो, पण दोन्ही हातांनी धरला आणि ठिणग्या आपल्यापासून दूर पाडल्या, की वेल्डिंगचा उंचवटा कसा लोण्यासारखा उतरतो!

मग वस्तीतल्या विहाराचं फाटक आमच्याकडं आलं. इकडं रीत आहे, फाटक करणारा खालच्या पट्टीवर वेल्डिंगच्या रॉडनं आपलं नाव लिहितो. आजवर माझ्या हातच्या सगळ्या फाटकांवर दिराचंच नाव. मी कधी काही बोलली नाही. पण विहार तं आपला. मी म्हटलं, "भाऊजी, यावर माझं नाव राहीन."

ते हसले. "लिहा न वहिनी, तुमीच तं बनवून राहिल्या."

लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं, पण माझं होतं.

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी दिरानं विहारात फाटक बसवलं. लाईन गेलेली. दीर धावत घरी आले, "वहिनी, कब्जा अडकून राहिला, फाटक फिरत नाही. तुमचा ग्राइंडर द्या, जरासा घासतो."

"मी येतो न," मी म्हटलं.

"उन्हात कायले येता? तुमी खीर पाहा."

मी नवी चकती लावून, बॅटरी भरलेली पाहून मशीन त्यांच्या हातात दिली.

थोड्याच वेळात खिरीचं पातेलं घेऊन विहारात पोचली, तं शेजारीण ओरडली, "कुठी आहे व तुहं नाव? दाखव न!" मी वाकली. पट्टीवर हातभर जागा नुसती चकचकीत. बोट लावलं, अजून गरम होती.

"भाऊजी, कब्जा अडकला होता न?"

"रागावू नका, वहिनी. विहार कमिटीवाले इचारून राहिले होते, बाईचं नाव कायले म्हणून. अन् ते पाहून गिऱ्हाईक म्हणन, दुकानात माणूस नाही का?"

कमिटीचे म्हातारे अध्यक्ष बाजूलाच उभे होते. "आमी कधी इचारलं बा? आमाले तं नाव पाहून खुशी झाली होती."

दीर ग्राइंडरची बॅटरी काढू लागले. नाव पुसलं, ते एक वेळ सोसलं असतं. पण हसून हो म्हणायचं, माझीच मशीन माझ्याच हातून मागून न्यायची, आणि वरून कमिटीवर ढकलायचं!

दुपारी लाईन आली. दीर म्हणाले, "लिहा आता, मी काही म्हणत नाही." त्यांच्या परवानगीचं नाव मले नको होतं. पण उघड्या लोखंडाले गंज धरतो, म्हणून घरून रेड ऑक्साईडच्या लाल रंगाचा डबा आणि ब्रश आणला आणि पट्टीसमोर बसली.

"आणा वहिनी, मी लावतो," ते म्हणाले.

सकाळी मशीन दिली होती; आता मी ब्रश दिला नाही.