सासऱ्यांचं नाव

रोज पहाटे गाईची धार काढायला बसली की कानिशाय तिला वीस इंग्रजी शब्द म्हणून दाखवायची. अगदी हळू, कारण भिंतीपलीकडे सासरे उठलेले असत. गाईसमोर चुकायची भीती नव्हती. माणसांसमोर होती.

बावीस वर्षं तिनं गावच्या शाळेत रशियन शिकवलं. मग रशियनचे तास घटले, इंग्रजीला शिक्षक मिळेना, आणि मुख्याध्यापकांनी पुस्तक तिच्याच हातात ठेवलं. तेव्हापासून ती मुलांच्या एक धडा पुढे राहून शिकवायची.

बर्फ वितळत असताना जिल्ह्याहून तपासणीच्या बाई आल्या. इंग्रजी कानिशायकडे ठेवायचं की तिला घरी बसवायचं, हे त्या एका तासावर ठरणार होतं. मानाचे म्हणून गावातले सगळ्यात वयस्क गृहस्थ मागच्या बाकावर आणून बसवले होते. ते तिचेच सासरे. हनुवटी काठीवर टेकलेली.

धडा कुटुंबाचा होता. बाईंनी हुशार मेरिमला उठवलं आणि आजोबांचं नाव विचारलं. मेरिम इंग्रजीत म्हणाली, "ते आमच्या घरचे थोर." दुसरीनं तेच सांगितलं. तिसरीनंही तेच.

बाईंची लेखणी थांबली. "नाव सांगायला शिकवलंच नाही का तुम्ही?"

नव्हतं शिकवलं. सून सासऱ्याचं नाव जिभेवर घेत नाही; तीस वर्षं तिनं घेतलं नव्हतं. फळ्यावर वाक्य लिहितानाही हात नावाला वळसा घालून गेला होता, आणि तोच वळसा तिनं वर्गाला घोकायला लावला होता.

"मग तुम्हीच म्हणून दाखवा. तुमच्या घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचं नाव काय?"

शेगडीत गोवरी तडकली. खोटं नाव सांगावं, तर खरं साऱ्या वर्गाला ठाऊक. खरं सांगावं, तर आत्ता काठी आपटेल, ते उठून जातील, आणि दिवस मावळायच्या आत गोष्ट घरोघर पोचेल. मागच्या बाकाकडे बघायचा धीर झाला नाही. मेरिम मात्र तिच्या ओठांकडे बघत होती, शब्द उचलायला, नेहमीसारखी.

"त्यांचं नाव तुर्दुबाय," कानिशाय इंग्रजीत म्हणाली.

काठी आपटली नाही. मुलींनी वाक्य उचललं आणि एकेकीचे आजोबा नावानिशी वर्गात आले. जाताना बाई म्हणाल्या की पुढच्या वर्षीही तास तुमच्याकडेच. नोकरी राहिली. घराचं काय, ते घरी गेल्यावर कळणार होतं.

संध्याकाळी तिनं चहाचा वाडगा पुढे केला. म्हातारा खिडकीबाहेर बघत राहिला.

"तीस वर्षं मला वाटायचं," तो म्हणाला, "सुनेला माझं नाव माहीतच नाही."

राग होता की थट्टा, तिला कळेना. वाडगा तसाच धरून ती उभी राहिली.

"मामंजी," ती म्हणाली, "चहा निवतोय."