डाव्या काठापाशी तुटलेली तार

पुष्पलतेनं अमेरिका वाचली ती सुताच्या कांड्या भरता भरता. पाचपावली मोहल्ल्यातल्या घरात पुढच्या खोलीत तिच्या बापाचा, बाबनरावांचा, लुगडी विणायचा खड्डामाग, मागच्या खोलीत चूल, आणि दोहोंच्या मधे तिचा चरखा. एका हातानं चाक फिरवायचं, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून सूत कांडीवर सोडायचं आणि मांडीवरचं पुस्तक सुपारीच्या डबीनं दाबून धरायचं. पान उलटायला ही पोरगी उद्या नाकही लावेल, असं तिची आई वच्छलाबाई म्हणे.

साल त्र्याहत्तर, एम.ए.चं शेवटचं वर्ष. कोष्ट्याची पोरगी इंग्रजी घेऊन एम.ए. करते, याचं मोहल्ल्याला कौतुक कमी आणि काळजीच जास्त. तिला हवा होता फक्त सेकंड क्लास. तो मिळाला तर उमरेडच्या कॉलेजात लेक्चरर होता येणार होतं. नाही तर कुठल्या तरी शाळेत पाचवीला बाराखडीसारखी इंग्रजी घोकवत बसायचं.

अमेरिकन साहित्य देशकर सर शिकवत. साहित्य त्याच्या काळातून आणि समाजातून उपटून वाचता येत नाही, हे ते दर तासाला बजावत आणि मग गाईडातलं जसंच्या तसं उतरवून देत. अभ्यासाला गुलामगिरीच्या काळातली एक दीर्घकथा होती. कापसाच्या मळ्यावर एक गुलाम बाई मालकासाठी कापड विणते. मालक तिचं मूल विकून टाकतो आणि त्यानंतर तिच्या मागावर रोज सूत तुटायला लागतं. दुःखानं तिची कला गेली, असं गाईड म्हणत होतं.

पुष्पलतेनं निबंधात तेच लिहिलं, आणि मनापासून लिहिलं. सूत तुटलं की दोष हाताला, हे ती विणकराच्या घरात जन्मापासून ऐकत आली होती. तिच्या बापाबद्दलही मोहल्ला हेच बोले. बाबनरावांचा हात फार चांगला, पण एका साली बिघडला तो बिघडलाच. सरांनी निबंधाला वर्गात सर्वांत जास्त मार्क दिले. हा प्रश्न परीक्षेला येणारच, एवढं पाठ कर म्हणाले.

एका सकाळी वच्छलाबाई बाजाराला गेल्या होत्या आणि ती चरख्यावर निबंध घोकत होती. बाबनरावांनी मागावरचा धोटा थांबवून विचारलं, काय आहे त्यात. तिनं सगळी गोष्ट मराठीतून सांगितली. ते म्हणाले, सूत कुठं तुटत होतं ते पाहा. तिनं पान काढलं. रोज डाव्या काठापाशी, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. ते वाक्य गाईडानं गाळलं होतं, म्हणून तिनंही.

"मंग ते तुटत नव्हतं वं," बाबनराव म्हणाले. "ते बाई तोडत होती. कच्च्या हाताचं सूत कुठंही तुटते. रोज एकाच जागी तुटलं तं समजाचं, हात पक्का हाये."

"बाबा, तुम्हाले कसं मालूम?"

मग त्यांनी मागाकडे पाहत सांगितलं. पुष्पाच्या आधीचा मुलगा मुकुंद चार वर्षांचा होऊन तापानं गेला. तेव्हा ते एका कारखानदाराच्या मागावर बसत. लग्नसराईची लुगडी अडली म्हणून त्यानं तिसऱ्याच दिवशी माणूस पाठवून त्यांना कामावर बसवलं.

"महिनाभर रोज डाव्या काठापाशी एक तार तोडली मी. काठ फसला का लुगडं बाद. एकही लुगडं त्याच्या लग्नसराईले पोचू नाही देलं. त्याले वाटलं, पोराच्या दुःखानं याचा हात गेला. साऱ्याइले तसंच वाटलं. वाटू देलं. तुह्या मायलेबी माहीत नाही."

पुष्पलतेला रडू आलं. आपल्या निबंधाची तिला फार लाज वाटली.

परीक्षेला प्रश्न आला. पाठ केलेलं उत्तर जिभेवर तयार होतं आणि गाईडाबाहेर गेलेल्याचे मार्क कसे जातात, हे तिला ठाऊक होतं. पाव तास ती नुसती बसून राहिली. मग तिनं डाव्या काठापासून सुरुवात केली.

सेकंड क्लास चार मार्कांनी हुकला. सगळ्यांत कमी मार्क अमेरिकेच्या पेपरात. येत असलेलं उत्तर का सोडलं, असं देशकर सरांनी विचारलं, तेव्हा तिनं पुस्तकातलं ते पान दाखवलं. सरांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि पुढच्या वर्षीपासून टिपण बदलतो म्हणाले. मार्क काही त्यांच्या हातात नव्हते.

उमरेड गेलं. वच्छलाबाईंनी दोन दिवस भांडी आपटली. पुष्पलता शाळेसाठी अर्ज लिहायला बसली, तेव्हा बाबनरावांनी मागावरूनच हळू विचारलं, "त्या बाईबद्दल काय लिहिलं वं तू?"

"तिचा हात बिघडला नव्हता, असं लिहिलं. तिच्यासारखा पक्का हात त्या मळ्यावर दुसऱ्या कोणाचाच नव्हता."

बाबनरावांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा लावलाच नाही. धोटा तसाच मांडीवर राहिला.

चुलीपासून वच्छलाबाईंनी ओरडून विचारलं, माग काहून थांबला.

"सूत तुटलं," पुष्पलतेनं सांगितलं आणि अर्ज पुढे लिहायला घेतला.