दुपट्ट्याखालचा हात

दिग्रसच्या बैलबाजारात सौदा तोंडानं होत नाही. दोन दलाल एका दुपट्ट्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. बघणाऱ्यांना दिसतं फक्त हलतं कापड. या धंद्यातला मी वाघ. माझं बोट दाबलं गेलं की बैलसुद्धा मान डोलवायचे. खोटं वाटत असेल तर बैलांना विचारा.

एका बाजाराच्या दिवशी म्हाताऱ्या दलालाशी माझा सौदा ठरला आणि लगेच मोडला. मी दोन बोटं दिली होती, त्यानं तीन धरली.

"दोनच होती, काका!"

"मले शिकवून राह्यला का बे? तीन लागली." त्यानं दुपट्टा ओढून माझा पंजा उजेडात धरला. "हा हात कोनाचा आहे? तुया तर नाही."

बाजार हसला. सगळ्यांहून मोठ्यानं मी हसलो. तोवर चपलेचा नंबर दोनदा वाढला होता, अंगठी सोनारानं कापून काढली होती, जबडा पुढे येऊन दातांत फटी पडल्या होत्या. डोकं जात्यासारखं घरघरायचं. मी मात्र सांगत फिरायचो, "पन्नाशीत वाढून राह्यलो भाऊ! पोळ्यापर्यंत छपराले डोकं लागते." बायको हसायची नाही.

मग एक गोऱ्हा डावीकडून आला आणि मला दिसलाच नाही. बरगडी मोडली. तेव्हा कळलं, समोरचं दिसतं, दोन्ही कडा काळ्या.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मेंदूच्या तळाशी, नाकामागे, वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्यात गाठ झाली होती. पोरवयात उंची वाढवणारं संप्रेरक ती गाठ आता बेसुमार ओतत होती. उंचीला जागा उरली नव्हती, म्हणून हाडं रुंदावत होती. हृदयही जाड झालं होतं. आणि गाठ डोळ्यांच्या नसांवर चढून बसली होती.

"उशीर केला तर नजर जाईल."

"बाई, डोकं बिनधास्त उघडा. आत सोनं निघन!"

त्याही हसल्या नाहीत.

गाठ नाकातूनच काढली. थोडी रक्तवाहिनीला चिकटून राहिली. ती पुन्हा वाढते का, यावर दर काही महिन्यांनी तपासणी करून लक्ष ठेवायचं होतं. नजरेच्या कडा उजळल्या, बोटांची सूज उतरली. बाजारात मी सांगितलं, नाकातून नारळ काढला!

परवा पुन्हा त्याच म्हाताऱ्याशी सौदा होता. दुपट्ट्याखाली मी दोन बोटं दिली. त्याची पकड थांबली. त्यानं बोटं पुन्हा चाचपली, हळूच, आजारी जनावराला लावावा तसा हात लावून.

"किती लागली, काका?"

त्यानं माझी बोटं सोडली नाहीत.

"तपासणी कधी आहे तुयी?"

लोक वाट बघत उभे होते. मी हात बाहेर काढलाच नाही.