बगीच्यातल्या बंगलीची चूल

आई-बाबा संत्री तोडायचे आणि आम्ही बगीच्याच्या बंगलीमागच्या पडवीत राहायचो. थंडीत पोती पांघरून झोपायचो. पुढे बगीचा विकला गेला, प्लॉट पडले, वर्ध्याजवळ ती कॉलनी झाली. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. बंगली वारसा यादीत यावी म्हणून अर्ज मीच केला.

पाहणीला वारसा समितीचे साहेब येणार, त्याच सकाळी नव्या मालकाने घरं पाडणारा माणूस पाठवला. घन घेऊन आलेला म्हातारा बघून मला रडूच फुटलं.

त्याने चपला बाहेर काढल्या. भिंती बोटाने वाजवल्या. संत्री निवडायच्या खोलीतल्या जाळीवरून हात फिरवला. "चुन्याचं काम हाय. आता कोणाले जमते?"

"मग पाडता काऊन, काका?"

"पोट हाय न माय." माझ्याकडे बघून म्हणाला, "शिकलेली पोरगी तू, काऊन रडून राह्यली? पेटत्या चुलीच्या घरावर आम्ही घन घालत नाई. चहा मांड."

शेजारून चहा-साखर आणली. मागच्या पडवीतल्या आईच्या जुन्या चुलीत काटक्या सारल्या. तीन काड्या विझल्या. चौथी पेटली.

मालक फोनवर ओरडत होता. म्हातारा बशीत फुंकर घालत म्हणाला, "चूल पेटली हाय, शेठ. थांबा जरा." मी काटक्या सारत राहिले, कान फाटकाकडे.

दुपारी साहेब आले. पाडायला लेखी मनाई झाली. म्हाताऱ्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

बंगली आज यादीत आहे.