उजवी टाच

आमच्या चौकात बूट-चपला दुरुस्त करणारे मामा कुणावरही विश्वास ठेवत नाहीत. गल्लीतल्यांचे अर्ज मीच लिहितो म्हणून मला ‘पुढारी’ म्हणतात, तरी मी वाचून दाखवलेलं पत्र त्यांनी माझ्या पाठीमागे औषधवाल्याकडूनही वाचून घेतलं. माझं डोकंच फिरलं. पण खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

पत्र परदेशातल्या लढाईवर गेलेल्या त्यांच्या मुलाबद्दल होतं. गोदामाच्या दारात पहाऱ्याला बसला होता, गाडी उलटली, त्यात गेला, म्हणे. शवपेटी उघडायची नाही, असा हुकूम. स्मारकावर नाव हवं तर ‘अपघात मान्य’ म्हणून बापाने सही करायची. सोबत त्याचे बूट.

मामांनी बूट उलटे करून तळ पाहिले आणि बाजूला सारले. हे त्याचे नाहीत, म्हणाले. शाळेपासून पोराची डावी टाच झिजायची, प्रत्येक जोड्याला यांनीच नवी टाच ठोकलेली. इथे झिजली होती उजवी. म्हणजे पेटीत दुसराच कुणी, आपला जिवंत. मामी पुन्हा त्याच्या वाटणीचं शिजवू लागल्या. मी कचेरीत तीन अर्ज ठोकले: बूट परक्याचे आहेत, पुरावा दाखवा.

मग मुलाचा सोबती आला, कुबडीवर. मामांनी पाणीही विचारलं नाही. कुणी पाठवलं, कशाला आलास, आमचा पोरगा झोपेत काय बडबडायचा, अशी उलटतपासणी सुरू.

“शिव्या द्यायचा, काका. तुमच्या नावाने.”

मामी फसकन हसल्या.

बूट त्याने लगेच ओळखले. वायरलेसची पेटी चार महिने मुलानेच उजव्या खांद्यावर वाहिली होती, डोंगरातून. गोदाम कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं.

मामांचा त्यावरही विश्वास नाही. पोत्यात लोखंड भरलं, उजव्या खांद्यावर टाकलं आणि गल्लीत येरझाऱ्या घालू लागले. नळापाशी ओल्या मातीत डावीपेक्षा खोल रुतलेली स्वतःची उजवी टाच वाकून बोटाने चाचपली. मग पोतं खाली उतरवलं.

“पुढारी, अर्ज बदल.”

मी म्हटलं, जुने तिन्ही अर्ज तोंडावर फेकतील, माझ्याच अक्षरातले.

“फेकू देत. बसलेल्या माणसाची टाच अशी झिजत नाही, हे लिही. अपघातावर मी सही करणार नाही.”

मी कागद पुढे ओढला.

“थांब,” मामींकडे न बघता ते म्हणाले. “आधी लिही, बूट माझ्या मुलाचेच आहेत. तो गेला.”